बंधाऱ्याची पट्टी आणि रंकाळ्याची बदके

जानेवारी उजाडला की कोल्हापुरात एक बातमी ठरलेली असते. रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव इथे पक्षीगणना झाली, इतक्या जाती दिसल्या, इतके परदेशी पाहुणे उतरले, एखादा दुर्मीळ पक्षीही सापडला. सोबत दुर्बीण लावलेल्या मुलांचा फोटो. मंगळवार पेठेत सकाळच्या चहाबरोबर ती वाचली जाते आणि तिच्यावर दोन मते ऐकू येतात. एक कौतुकाचे : अजून एवढे पक्षी येतात, म्हणजे आपले तलाव ठीक आहेत. दुसरे वैतागाचे : मोजून काय मिळते, त्यापेक्षा तलावात जाणारे सांडपाणी थांबवा.

ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की गणनेचे फळ त्या दिवशीच्या आकड्यात असते. कौतुक करणारा त्या आकड्यावर खूश होतो आणि वैतागणारा त्याच आकड्याकडे पाठ फिरवतो. माझे म्हणणे असे की एका रविवारच्या आकड्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो. तीच जागा, तोच आठवडा, तीच पद्धत अशी वर्षानुवर्षे राखली आणि जे दिसले नाही तेही लिहून ठेवले, की त्या आकड्यांच्या रांगेला अर्थ येतो. अशी रांग उभी करायला पक्षीशास्त्राच्या पदवीपेक्षा नेमाची गरज जास्त आहे, म्हणून हे काम पेठेतल्या सामान्य माणसांचे आहे. ही तीन विधाने पुढे एकेक करून मांडतो.

१. पट्टीवरचा आकडा

कोल्हापूरकराला हे समजायला लांबचे उदाहरण नको. पावसाळ्यात सगळ्या शहराचे लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. ती पट्टी पंचगंगेतले सगळे पाणी मोजत नाही. कोणत्या शेतात किती पाणी शिरले, हेही ती सांगत नाही. तरीसुद्धा तिच्या भरवशावर जनावरे हलवली जातात, घरे रिकामी केली जातात. हा भरवसा कुठून आला? पट्टी एकाच जागी आहे, ती एकाच रीतीने वाचली जाते, आणि पूर नसतानाही वाचली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ च्या वर. हे आकडे ऐकून अंगावर काटा आला, कारण त्याआधीच्या साध्यासुध्या पावसाळ्यांची पातळीही नोंदलेली होती.

पक्षीगणना ही अशीच पट्टी आहे. रंकाळ्यावर १२० वारकरी दिसले, याचा अर्थ तिथे १२० वारकरी होते असा नाही. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा हा पाणपक्षी केंदाळाआड गेला की दिसत नाही. धुके असेल, ऊन समोरून येत असेल, मोजणारा नवखा असेल, तर आकडा खाली येतो. १२० याचा खरा अर्थ इतकाच, की त्या सकाळी, त्या जागेवरून, त्या माणसांना १२० दिसले. म्हणजे हा पक्ष्यांचा एकूण आकडा नसून निर्देशांक आहे, आणि निर्देशांक पडताळता येतो तो त्याच पद्धतीने काढलेल्या दुसऱ्या निर्देशांकाशीच. गेल्या वर्षी सहा जणांनी चार बाजूंनी दोन तास मोजले आणि यंदा वीस जणांनी एकाच बाजूने तासभर मोजले, तर दोन आकड्यांतला फरक माणसांचा आहे. त्याला पक्ष्यांचा फरक म्हणणे ही दिशाभूल होते, हेतू चांगला असला तरी.

म्हणून गणनेच्या कागदावर सर्वांत महत्त्वाच्या ओळी पक्ष्यांच्या नावांच्या वर असतात : किती वाजता सुरुवात, किती वाजता शेवट, कुठे उभे राहिलो, किती जण होतो, हवा कशी होती. मोठा थवा कसा मोजायचा, यालाही रीत आहे. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दहाचा गट डोळ्यांत बसवायचा, मग थव्यात तसे किती गट मावतात ते पाहायचे. सूर्य पाठीशी ठेवायचा. उडालेला थवा कुठे उतरला ते पलीकडच्या गटाला कळवायचे, नाहीतर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. यातले काहीही अवघड नाही, पण दर वर्षी तसेच करणे मात्र सोपे नाही.

२. जानेवारीच का

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा जन्मदिवस. या दोघांनी आपल्याला पक्षी पाहायला शिकवले, तेव्हा हा आठवडा योग्यच आहे. पण गणनेच्या दृष्टीने तो लवकर पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बदके अजून येत असतात, एका तलावावर चार दिवस थांबून पुढे सरकत असतात. जानेवारीच्या मध्यावर त्यांची ये-जा थंडावते. जो पक्षी जिथे आहे तिथे तो काही आठवडे तरी राहतो. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना म्हणूनच या महिन्यात होते. युरोपात ती १९६७ मध्ये सुरू झाली, आणि १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना या नावाने आपल्याकडेही होते. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था तिचा मेळ घालतात.

ती एकाच सुमाराला सगळीकडे का करायची, हे मुद्दाम सांगायला हवे. पाऊस चांगला झाला की गावोगावची तळी, पाझर तलाव, शेतातली डबकी भरलेली राहतात. पक्षी त्यांवर पांगतात आणि रंकाळ्यावरचा आकडा घटतो. दुष्काळी वर्षात लहान पाणवठे आटले की तेच पक्षी बारमाही तलावांवर गोळा होतात आणि आकडा फुगतो. मग ‘पक्ष्यांची संख्या वाढली’ अशी आनंदाची बातमी छापून येते ती नेमकी टंचाईच्या वर्षी. एकट्या तलावाची नोंद अशी फसवू शकते. शंभर तलावांची एकाच पंधरवड्यातली नोंद सहसा फसवत नाही, कारण इथून हललेला पक्षी तिथे सापडतो.

३. कोरी जागा आणि शून्य

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. एकदा गणना संपल्यावर एका मुलाची वही पाहत होतो. तलवार बदकापुढची जागा त्याने कोरी सोडली होती. विचारले तर म्हणाला, “दिसलंच नाही काका, मग काय लिहू?” त्याला म्हटले, शून्य लिही.

कोरी जागा आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोऱ्या जागेचे अर्थ अनेक निघतात : पक्षी नव्हता, पाहायला कुणी गेले नाही, गेले पण ओळखता आला नाही, लिहायचे राहिले. शून्याचा अर्थ एकच : आम्ही गेलो, शोधले, ओळखता येत होते आणि तो नव्हता. पुढच्या पिढीला एखादा पक्षी नेमका केव्हापासून दिसेनासा झाला हे विचारायचे असेल, तर उत्तर फक्त शून्याच्या नोंदीतून मिळेल.

या शहराला तरी हे पटायला हवे. कपिलतीर्थ हे एके काळी पाण्याचे तीर्थ होते, आज तिथे भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. त्या पाण्यावर हिवाळ्यात काय उतरत होते, हे आज मंडईतल्या कुणालाही सांगता येणार नाही. तळे गेले ते गेलेच, पण आपण काय गमावले याचा हिशेबही त्याच्याबरोबर गेला. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये अशाच विस्मरणाबद्दल लिहिले होते. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेले जगच मूळचे जग मानते आणि तिथून घट मोजते, त्यामुळे आधीची घट कुणाच्याच हिशेबात येत नाही. समुद्रातल्या माशांबद्दल त्याने जे म्हटले ते आपल्या तलावांना अक्षरशः लागू पडते. आज रंकाळ्यावर चाळीस बदके पाहणारा मुलगा उद्या चाळीस हाच मूळचा आकडा धरणार. ही फसगत आठवणींनी थांबत नाही. आठवणी मोठ्या आणि धूसर होत जातात. तारीख टाकलेल्या वहीने ती थांबते.

४. दुर्मिळाचा मोह

स्वयंसेवकांचा उत्साह दुर्मीळ पक्ष्यावर एकवटतो. अनोळखी काहीतरी दिसले की सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात, कॅमेरे धावतात आणि समोरची टिबुकली, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या यांची मोजणी अर्धवट राहते. मला हा गणनेतला सर्वांत मोठा दोष वाटतो. भरकटून आलेला एक पक्षी त्या तलावाबद्दल फारसे काही सांगत नाही. रोजचा पक्षी सांगतो.

गिधाडांचा धडा यासाठीच आठवायचा. १९८०च्या दशकात गिधाडे भारतात इतकी होती की ती मोजावीत असे कुणाला वाटले नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र डॉ. विभू प्रकाश त्यांची घरटी मोजत होते. तेव्हा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेवर घरटी त्यांना मिळाली होती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ती निम्म्याहून कमी झाली आणि दशक संपता संपता एकही उरले नाही. गिधाडे घटत असल्याच्या संशयाला आधार मिळाला तो या जुन्या आकड्यांमुळे. २००४ मध्ये कारण उघड झाले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच शिल्लक होते. जो पक्षी ‘कुठेही दिसतो’ म्हणून मोजला गेला नाही, त्याचे हे झाले.

उलट बाजूही पाहा. चिमण्या संपल्या, हे आज प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. देशभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने दाखवले की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या आहेत, पण एकूण देशात गेल्या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या साधारण स्थिर आहे. त्याच मालिकेतला २०२३ चा अहवाल सांगतो की नीलपंख ओसरत चालला आहे. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास तारेवर बसलेला दिसणारा हा निळा पक्षी. चिमणीसाठी हळहळणाऱ्या समाजाने नीलपंखाचे कमी होणे हेरलेच नाही. मनाला जे जाणवते आणि वहीत जे सापडते, त्यांत इतके अंतर असू शकते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. एकूण बेरीज हा फार कच्चा आकडा आहे. रंकाळ्यात सांडपाणी वाढले, केंदाळ पसरले, काठावर खरकटे पडू लागले, तर गायबगळे आणि पाणकोंबड्या वाढतील आणि उघडे, स्वच्छ पाणी लागणारी बदके कमी होतील. बेरीज तीच राहील, कदाचित चढेल, आणि तलाव मात्र बिघडलेला असेल. जातवार नोंद नसेल तर ही अदलाबदल बेरजेच्या पोटात दडून जाते.

५. ‘पाहुणे’ म्हणू नये

शब्दाने विचार कसा वाकतो, याचे उदाहरण म्हणजे ‘परदेशी पाहुणे’. करडा धोबी ऑगस्ट-सप्टेंबरात येतो आणि एप्रिलच्या सुमारास जातो. पेठेतल्या गच्चीच्या कठड्यावर शेपूट थरथरवत बसणारा कृष्ण थिरथिरा, वडा-पिंपळाच्या शेंड्यात सतत आवाज करत फिरणारा हिरवट वटवट्या, हेही वर्षातले सहा-सात महिने आपल्याकडे असतात. हिमालयात किंवा मध्य आशियात ते पिले वाढवण्यापुरते जातात. जो वर्षातला मोठा भाग आपल्याजवळ काढतो, तो पाहुणा कसा? पाहुणा म्हटले की त्याच्या कमी-जास्त होण्याची जबाबदारी त्याच्या गावावर टाकता येते. सात हजार मीटरपर्यंत उंची गाठत हिमालय ओलांडणारा पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियात अंडी घालतो हे खरे, पण पुढच्या वर्षी तिकडे जाण्याइतकी चरबी अंगावर धरतो ती दख्खनच्या पाणवठ्यांवर आणि शेतांत. त्याच्या आयुष्याचा निम्मा जमाखर्च आपल्याकडे आहे.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : हौशी माणसे चुकतात. चुकतात, हे मान्य. काही बदकांच्या माद्या लांबून पाहताना मुरलेला माणूसही घोटाळतो. पण त्यावर उपाय आहेत. एका नवख्याबरोबर एक जाणता द्यावा. खात्री नसेल तिथे ‘बदक, जात अनिश्चित’ असे लिहावे, ती नोंदही उपयोगाची असते. आणि दर वर्षी त्याच प्रमाणात होणारी चूक वर्षांची तुलना फारशी बिघडवत नाही, बंधाऱ्याची पट्टी दोन इंच वर बसवली असती तरी पाणी चढले की उतरले हे कळलेच असते. केरळमध्ये २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी सगळ्या राज्याचे चौकोन पाडून हिवाळ्यात आणि पावसाळ्यात पक्षी नोंदले आणि राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. त्यांतले बहुतेक जण शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार होते. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी पक्षी मारण्याच्या जुन्या शर्यतीऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा घातली, तेव्हा २७ माणसे आली होती. ती गणना आजही चालू आहे. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले, हे २०१९ मध्ये ज्या नोंदींवरून सिद्ध झाले त्यांत हौशी माणसांच्या वह्यांचा वाटा मोठा होता. आणि त्या घटीत सर्वाधिक वाटा साध्या, रोजच्या पक्ष्यांचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मोजल्याने तलाव वाचत नाही. मोजणीने नाला वळत नाही, हे खरेच. पण न मोजलेल्या गोष्टीसाठी भांडताही येत नाही. रामसर करारात पाणथळ जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळवून देणारे दोन निकष थेट आकड्यांचे आहेत : तिथे नियमितपणे २० हजार पाणपक्षी येतात का, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिथे असतात का. ‘नियमितपणे’ या शब्दाला उत्तर द्यायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, त्यामागे वर्षानुवर्षे तिथे पक्षी मोजणाऱ्यांची मेहनत आहे. रंकाळा त्या मापाचा नाही. पण रंकाळ्याच्या सुधारणेवर खर्च होतो, तेव्हा तो खर्च पाण्याला लागला की नुसता काठाला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. काठावरचे दिवे कुणालाही मोजता येतात. पाण्याबद्दल साक्ष द्यायला दहा वर्षांची बदकांची नोंद असेल, तर महापालिकेपुढे नागरिकाचे बोलणे तक्रार राहत नाही, पुरावा होते.

तिसरा आक्षेप डोंगराकडून येतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात हिवाळ्यात येणारे पक्षी पाण्यावर थव्याने बसत नाहीत. माशीमार, वटवटे, कस्तुर दाट झाडीत एकेकटे असतात, दिसण्याआधी ऐकू येतात. तलावाची रीत तिथे चालत नाही. तिथे ठरावीक ठिकाणी ठरावीक मिनिटे शांत उभे राहून जे दिसेल आणि ऐकू येईल ते टिपावे लागते. हे काम शहरातून गाड्या भरून गेलेल्यांपेक्षा अभयारण्याच्या काठावरच्या वाड्यांतल्या माणसांना चांगले जमेल, कारण त्यांचे कान त्या रानात घडलेले आहेत. त्यांच्या नोंदीला शहरी निरीक्षकाच्या नोंदीइतकेच मोल आणि श्रेय मिळाले पाहिजे. हे आजवर नीट झालेले नाही.

७. हे पेठेचे काम का आहे

रंकाळ्याभोवती रोज पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा विचार करा. मंगळवार पेठेतून, शिवाजी पेठेतून माणसे वर्षानुवर्षे त्याच वेळी, त्याच वाटेने फिरतात. तीच जागा, तीच वेळ, तेच डोळे : पद्धत जे मागते ते सगळे इथे आयते आहे. बाहेरून आलेला तज्ज्ञ दोन वर्षे काम करेल, प्रकल्प संपला की जाईल. फिरणारा माणूस राहतो.

दुसरी शिदोरी तालमीची. तालमीत शरीर घडते ते रोजच्या जोर-बैठकांनी, मैदान मारल्याच्या एका दिवसाने नाही, हे इथल्या पोरांना सांगावे लागत नाही. पेठेतल्या तालमी आणि मंडळे गणेशोत्सव पार पाडतात, फुटबॉलचे संघ चालवतात, पुरात होड्या आणि जेवण घेऊन धावतात. माणसे जमवणे, कामे वाटणे, एका पिढीने दुसरीकडे सूत्रे देणे, ही व्यवस्था उभी आहे. तिच्यावर आणखी एका वहीचे ओझे जड नाही. रंकाळ्याची टॉवरची बाजू एकीने घ्यावी, संध्यामठाची दुसरीने, शालिनी पॅलेसची तिसरीने, पदपथ उद्यानाची चौथीने. शेजारची इराणी खण वेगळी मोजावी, कारण तिचे पाणी वेगळे. वही मंडळाच्या कपाटात राहावी, माणसाच्या घरी नको. माणूस गाव सोडतो, त्याच्याबरोबर वही जाते.

एक पथ्य सर्वांनी पाळावे. फोटोसाठी थवा उठवू नये. थंडीत प्रत्येक उड्डाणाला पक्ष्याच्या अंगावरची चरबी खर्ची पडते, आणि उठलेला थवा मोजताही येत नाही.

येत्या जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक रविवार ठरवा. उजाडताच आपल्या बाजूला उभे राहा. सोबत वही, पेन्सिल आणि मिळाली तर दुर्बीण. वेळ लिहा, जागा लिहा, ओळखता येतील तेवढ्याच पक्ष्यांची नावे लिहा, आणि ओळखीचा असून जो दिसला नाही त्याच्यापुढे शून्य लिहा. मात्र निदान पाच हिवाळे त्याच दगडावर उभे राहण्याची तयारी ठेवून या.